निर्मळबाबाचं पांढरं फडकं

पंचगंगेच्या घाटावर त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मानमोडीच्या तापानं कोल्हापुरातली घरंच्या घरं रिकामी केली होती, आणि त्यातून जी माणसं वाचली ती काठी टेकत, धापा टाकत रांगेला लागली होती. धर्मशाळेच्या ओट्यावर निर्मळबाबा बसला होता. अंगावर पांढरी कफनी, पुढ्यात पांढऱ्या फडक्यांची चळत.

"जीभ निकालो!" बाबा गरजायचा. समोरचा जीभ काढायचा, बाबा ती पुसायचा, आणि बघता बघता फडकं तव्याच्या बुडासारखं काळं व्हायचं.

"देखा? ताप गया, जहर अंदर बैठा है! कुणाचं औषध खातोस?"

"कल्लाप्पा वैद्यांचं, म्हाराज."

"तेच ते जहर! फेक दो. चूळ भर, उपास कर, उद्या ये."

गर्दीच्या मागं उभे असलेले कल्लाप्पा वैद्य हे सगळं ऐकत होते. त्यांची बायको पद्मावती याच तापात गेली होती. गल्लीत अंथरुणाला खिळलेल्यांपैकी एकटा आकाराम, गुऱ्हाळावर गूळ करणारा गुळव्या, तेवढा उठून बसला होता. आधी पेज, मग मुगाचं कढण, मग मऊ भात, असं एकेक पायरीनं त्यांनी त्याला वर आणलं होतं. खोकल्यासाठी, सगळ्याच आजाऱ्यांना देत तसा, दाढेखाली बाळहिरड्याचा तुकडा दिला होता आणि संक्रांतीपर्यंत गुऱ्हाळाच्या भट्टीचं तोंड बघायचं नाही, असं बजावलं होतं. आता तोच आकाराम ओट्यासमोर उभा होता, आणि त्याच्या जिभेनंही फडकं काळं झालं.

दुसऱ्या दिवशी तो हिरडा थुंकून, पोट रिकामं ठेवून गेला. फडकं पांढरं निघालं. "अब तू शेर है!" म्हणत बाबानं ते त्याच्या पटक्यात खोवलं. "मटण खा, भट्टीवर उभा राहा!" लोकांनी जयजयकार केला. हा शेर घाटाच्या पायऱ्या चढताना तीनदा खाली बसला, ते कुणाच्या लेखी नव्हतं.

कल्लाप्पांनी त्याला घरी गाठलं.

"आकाराम, मागच्या परड्यापर्यंत जाऊन आलास तर छाती भात्यागत हलतीया तुझी. भट्टीवर कसा उभा ऱ्हाणार?"

"आण्णा, फडकं पांढरं निघालं की!"

"फडक्याला काय कळतंय?"

"मग तुमचं औषध खाऊन काळं का निघालं? सांगा की."

आदल्या रात्रीच कल्लाप्पांनी स्वतः हिरडा चघळून आपल्या पंचानं जीभ पुसून पाहिली होती. पंचा जरासा पिवळट झाला, बस्स. लबाडी आहे हे कळत होतं, कुठं आहे ते कळत नव्हतं.

आकारामची बायको शालूबाई दारातच उभी होती. "गुऱ्हाळाचा मालक दुसरा गुळव्या बघाय लागलाय, आण्णा. ह्ये घरात बसलं तर तुमची ती पेज तरी कुटनं आणू?"

कल्लाप्पांनी आपल्या घरची तांदळाची पिशवी आणून दिली. आकारामनं ती परत केली आणि गुऱ्हाळावर गेला.

त्याच आठवड्यात, रसाची काहील उतरवताना, तो जागेवर कोसळला. बैलगाडी गल्लीत पोचली तेव्हा सगळं संपलं होतं.

दिवसकार्य झाल्यावर शालूबाई ते फडकं घेऊन आली. "ह्ये जाळायचं का जपायचं, आण्णा?"

कल्लाप्पांनी फडकं उजेडात धरलं. त्याला किंचित पिवळी झाक होती. त्यांनी टोक जिभेला लावलं. चव तुरट, लोखंडाची. सवयीनं त्यांच्या दाढेखाली हिरडा होताच. टोक काळंभोर झालं.

हिराकस! लोखंडाचा तो क्षार. शाळेत असताना हिरडा आणि हिराकस उकळून त्यांनी स्वतः शाई केली होती. हिराकशीची बरणी त्यांच्या औषधांच्या फळीवर आजही होती. पहिल्याच दिवशी बाबाचं फडकं का नाही मागून घेतलं? त्यांना स्वतःचाच संताप आला.

शालूबाईला घेऊन ते तडक घाटावर गेले, ओट्यावर चढले. तोंडात हिरडा धरून त्यांनी आधी आपल्या पंचानं जीभ पुसली. "काळा झाला?"

"न्हाय," रांगेतली माणसं म्हणाली.

मग बाबाच्या चळतीतलं फडकं उचलून पुसली. ते काळं पडलं.

"जीभ तीच, हिरडा तोच! बाबाचं फडकं हिराकशीच्या पाण्यात बुडवून वाळवलंय. हिरडा लागला की काळं, न्हाय लागला की पांढरं. ही शाई हाय, शाई! ह्यात कसलं इख?"

बाबाच्या चेहऱ्यावरचा रंग क्षणभर उडाला. पण तो मुरलेला होता. "देखा!" तो ओरडला. "हिरड्यानंच काळं होतं! वैद्यानं आपल्या तोंडानं कबूल केलं!"

"खरं हाय की!" रांगेतून आवाज आला. दोघा-तिघांनी तोंडातला हिरडा थुंकून टाकला.

कल्लाप्पांनी हात जोडले. "बरं, हिरडा सोडा. माझं औषध सोडा. त्यानंच तुमी वाचला असं मी म्हणत न्हाय. माझी बायको तेच औषध खाऊन गेली. पर एवढ्या मोठ्या दुखण्यानंतर अंगात ताकद यायला दिवस लागत्यात, मऊ अन्न लागतं, पडून ऱ्हावं लागतं. ते फडक्याला इचारू नगा. चार पावलं चाला आणि आपल्या छातीला इचारा. डोळ्यांनी जे बघितलं, त्याचा डोक्यानं इचार करा!"

शालूबाईनं फडकं उंच धरलं. "ह्ये पांढरं फडकं पटक्यात खोवून माझा धनी भट्टीवर मेला!"

रांगेत सगळ्यांत पुढं, आदल्या दिवसापासून हिरडा सोडून आलेली झुंबरबाई होती. लोकांच्या रानात तण भांगलायला जाऊन पोट भरणारी, एकटी. खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत ती काठीवर ओणवी राहिली, मग म्हणाली, "तुजं खरं असंल, बाई. आण्णांचंबी खरं असंल. पर मला उद्या कामावर जायचंय. जाऊ नगं म्हणणाऱ्याकडं जाऊन मी काय करू? जा म्हणणारा ह्यो एकलाच हाय."

तिनं जीभ बाहेर काढली. फडकं पांढरंच राहिलं, आणि घाटावर पुन्हा जयजयकार झाला.