साहेबांच्या डब्यातलं पाणी

प्रदूषणवाले साहेब गावात आले ते गुलाबशेठच्याच जीपमध्ये बसून, आणि रंभाने तिथंच ओळखलं की आता काही होत नाही. चोराच्या घोड्यावर बसून आलेला कोतवाल चोराला काय धरणार, कपाळ!

चामोर्शीच्या अलीकडे गुलाबशेठची राईसमिल होती. उसना तांदूळ करायची. धान भिजवायचा, उकडायचा, आणि त्याचं पिवळं, आंबूस पाणी नालीने सरळ खालच्या तलावात सोडून द्यायचं. तलाव ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, सोसायटीकडे. सोसायटीचा अध्यक्ष सोमाजी, आणि रंभा त्याची बायको. चामोर्शीच्या बाजारात मासोळी विकणारी, तोंडाने तिखट. पावसाळ्यात त्यांनी तलावात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, सोडली होती. आता दिवाळीनंतर सकाळी पाहावं तर मासोळ्या वर येऊन तोंडं उघडी टाकून राहायच्या. या मेल्या की पुढच्या पावसापर्यंत साऱ्या ढिवरपुऱ्याच्या हाताला काम नाही. म्हणून रंभाने चंद्रपूरच्या हापिसाचे उंबरे झिजवले होते, तेव्हा कुठे हे साहेब हलले.

हलले म्हणजे काय, मिलच्या अंगणात मोहाच्या झाडाखाली खुर्चीवर बसले. नाकाला रुमाल, पायात नवे बूट, पुढ्यात काजूची बशी.

"साहेब, नालीवर चला जी. तिथी पाहा एकडाव," रंभा म्हणाली.

"बाई, नुसता धाक दाखवून काही होत नसतं," साहेबांनी काजू उचलला. "उद्योजकाला विश्वासात घ्यावं लागतं. त्याने नियम आपणहून पाळले पाहिजेत. त्याला अनुपालन म्हणतात."

"शेठ आपणहून पाळन? अवो, त्याचा कुत्राई आपणहून भुंकत नाई. त्याले छू म्हनाव लागते."

गुलाबशेठ हसला. साहेबही हसले. दोघांना एकाच वेळी हसू येतं, हे रंभाने ध्यानात ठेवलं. मग साहेबांनी जीपमधून पांढरा प्लास्टिकचा डबा काढला आणि सोमाजीच्या हाती दिला. "अध्यक्ष, तलावाचं पाणी भरून आणा. नालीच्या तोंडाशी. चिखल आहे, मी काही येत नाही."

सोमाजी डबा घेऊन गेला, भरून घेऊन आला. साहेबांनी त्यावर चिठ्ठी डकवली, सोमाजीचा अंगठा घेतला आणि जीप निघून गेली.

महिन्याभराने निकाल आला. पाणी चांगलं. इतकं चांगलं की माणसाने प्यावं! गुलाबशेठने गावात पेढे वाटले. ढिवरपुऱ्यातही पाठवले, निर्लज्जपणाची हद्द. नालीचं तोंड त्याने त्याच दिवशी आणखी मोठं केलं.

"असं कसं झालं?" रंभा घरात कडाडली. "माशीनच खराब असन मेल्यायची!"

"माशीन काऊन खराब राहीन?" सोमाजी शांतपणे जाळं शिवत होता. "पानी चांगलंच होतं. म्या हिरीचं भरलं."

रंभाने हातातला विळा खाली टाकला.

सोमाजीने समजावून सांगितलं. गावात लग्न असो की तेरवी, पाहुण्यांना पाणी पाजायचं ते ढिवरांनी. त्याच्या बापाने, आज्याने तेच केलं. ढिवराच्या हातचं पाणी साऱ्या जातींना चालतं, का? तर ढिवर भांडं राखेने घासतो, पाणी गाळतो. आणि आपण चंद्रपूरच्या एवढ्या मोठ्या हापिसात, एवढ्या मोठ्या लोकांसमोर, असं घाण मारणारं पाणी पाठवायचं? "नालीवर गेलो वं मी. डबा बुडवाले वाकलोही. पन हातच नाई वळला. मंग घासला, अन् हिरीचं भरलं."

"देव डोकी वाटत होता तवा तुमी कुठी बुडी मारून होते?" रंभा ओरडली. चंद्रपूरला जाणाऱ्या एसटीतही ती थांबली नाही. मूल आलं, लोहारा आलं, रंभाचं तोंड चालूच. आख्ख्या गाडीला कळलं की या म्हाताऱ्याने आपल्याच तलावाचा गळा कापला.  सोमाजी बिचारा चूक कबूल करायला चालला होता, धुतलेलं धोतर नेसून.

हापिसात त्याने हात जोडून सगळं सांगितलं. म्हणाला, साहेब, पुन्हा या, या वेळी नालीचंच भरतो.

साहेब खुर्चीत मागे रेलले. "मला माहीत आहे. तुम्ही विहिरीकडे वळलात ते मला मोहाखालून दिसलं होतं."

रंभाला वाटलं, आपण भलतंच ऐकलं.

"मंग हाक काऊन नाई मारली जी?" सोमाजीने विचारलं. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच कळत नव्हतं.

"नमुना तुमच्याच हाताने, तुमच्याच अंगठ्याने. मी कशाला मध्ये पडू? फाईल बंद झाली आता. आणि यायला सरकारी गाडीही नाही."

सोमाजीने सवयीने पुन्हा हात जोडले, "बरं, येतो साहेब," म्हणायला. रंभाने ते हात खाली ओढले.

"जोडू नोका," ती म्हणाली. "हे माणूस नमस्कार करन्याजोगं नाई. तुमाले घान पानी देवाची लाज वाटली. याले काजू खात पाहत बसाची नाई वाटली." परतीच्या एसटीत ती नवऱ्याला एक शब्द वाकडा बोलली नाही. तिला स्वतःचीच लाज वाटत होती, की जाताना साऱ्या गाडीसमोर आपण कुणाला शिव्या दिल्या आणि त्या खऱ्या कुणाच्या वाट्याच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ढिवरपुरा फावडी-घमेली घेऊन नालीवर उतरला. पाणी अडवणं यांना कुणी शिकवायचं? चिकणमाती, पळसाच्या फांद्या, वरून पुन्हा माती. दुपारपर्यंत मिलचं पाणी उलटं फिरलं आणि शेठच्या अंगणात शिरलं. धानाची पोती भिजली, भट्टी विझली.

"माझ्या अंगनात घान सोडता काय रे!" गुलाबशेठ धोतर वर धरून नाचत होता.

"घान कुठी जी?" रंभा बांधावरून म्हणाली. "कागदात तं पिन्याजोगं लिहून हाये."

आणि मग बघा मजा. ज्या साहेबांना गाडी नव्हती, त्यांना संध्याकाळच्या आत मिळाली. आले, चिखलात उतरले, बूट भरले तरी बांध मापला. आणि सोमाजीने वाहतं पाणी बेकायदा अडवलं, असा अहवालही लिहून दिला. कायदा असा धावू शकतो, हे गावाला त्या दिवशी कळलं.

तो अहवाल घेऊन शेठ तहसीलदाराकडे गेला. तहसीलदाराने आपल्या पद्धतीने न्याय केला, म्हणजे तारीख दिली. आणि सुनावणी होईतो जागा जैसे थे ठेवावी, बांधाला कुणी हात लावू नये, असा हुकूम काढला. शेठने तो हुकूम मोठ्या ऐटीत तलाठ्याकडून वाचून घेतला, आणि वाचता वाचताच त्याचं तोंड उतरलं. बांध राहणार होता. हात लावला तर गुन्हा त्याच्यावर.

पहिल्या तारखेला तहसीलदार दौऱ्यावर. दुसरीला वकिलाच्या घरी लग्न. तिसरीला प्रदूषणवाल्या साहेबांची बदली झाली, नव्याला काही माहीत नाही. ऐन हंगाम, आणि मिल थंड. जे काम करायला सरकारला सांगून सांगून रंभाचा घसा बसला होता, ते सरकारने आळसाने करून टाकलं.

होळीच्या सुमारास गुलाबशेठ स्वतः ढिवरपुऱ्यात आला, पायी. रंभा दारात मरळ चिरत बसली होती.

"बाई, आपसात मिटवून टाकू. मी अंगनात खड्डा खोदतो, पानी तिथंच जिरवतो. तुमी तेवढा बांध काढा."

"खड्डा खोदा ना शेठ, कोन अडवून राह्यलं? बांधाचं तारखेवर बोलू." तिने मान वर केली नाही. "मासोळी घेता काय? ताजी हाये. तलावातलीच."