कारणाचा रकाना

डिंकबाईंनी पेनाचं टोपण काढलं, रजिस्टरच्या ‘कारण’ या रकान्यावर पेन टेकवलं आणि तशाच थांबल्या. टेबलावर तेवीस पुस्तकं रचून ठेवली होती. पलीकडच्या खुर्चीत शिक्षण खात्याचे कारकून यादी घेऊन बसले होते आणि दाराशी मुख्याध्यापिका उभ्या होत्या.

“‘जीर्ण’ लिहा, बाई,” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

“पण जीर्ण कुठे झालीत, मॅडम?”

“लिहा हो.”

शाळेच्या वाचनालयात सव्वीस वर्षं फाटकी पानं चिकटवत बसल्यामुळे मुलांनी बाईंना हे नाव बहाल केलं होतं. त्यांची काही तक्रार नव्हती; बोटं खरंच चिकट असायची. पण रजिस्टर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यात एकही खोटी नोंद नव्हती. एकदा उंदराने शब्दकोश कुरतडला, तेव्हा त्यांनी कारणाच्या रकान्यात सरळ ‘उंदीर’ लिहिलं होतं. तपासायला आलेले साहेब पोट धरून हसले, तरी त्यांनी ते खोडलं नव्हतं.

यादीतली सगळी पुस्तकं लहान मुलांची होती. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून आणलेल्या काळ्या माणसांची, त्यांच्या लेकरा-नातवंडांची. त्यात ‘दोन नळांचं पुस्तक’ही होतं. त्याचं खरं नाव लांबलचक, पण मुलं असंच म्हणून मागायची. गावच्या चौकात गोऱ्यांचा एक नळ, काळ्यांचा एक. आणि एक छोटी मुलगी आजीला विचारते, पाणी एकाच टाकीतून येतं ना गं? अशा गोष्टींनी मुलांच्या मनात कटुता येते, म्हणून ही पुस्तकं वाचनालयातून काढा, असं खात्याच्या पत्रात म्हटलं होतं.

सारखे प्रश्न विचारते म्हणून ‘प्रश्नपेटी’ नाव पडलेल्या तिसरीतल्या मुलीने ते पुस्तक नऊ वेळा नेलं होतं. ही पोरगी वर्गात सगळ्यांत काळी आणि सगळ्यांत बडबडी. पण ते पुस्तक पहिल्यांदा उघडलं तेव्हा तिने चित्रातल्या मुलीच्या हाताशेजारी स्वतःचा हात ठेवला आणि चक्क पाच मिनिटं गप्प बसली. आज सकाळीही ती दारातून विचारून गेली होती, “बाई, पुढचा नंबर माझाच ना?” बाईंना तिच्याकडे बघवलं नव्हतं.

“मी ‘आदेशानुसार’ लिहिणार,” डिंकबाई म्हणाल्या. “उद्या कोणी हे रजिस्टर उघडलं तर त्याला कळायला नको, पुस्तकं का गेली ते? फाटली म्हणून गेली, असं वाचायचं त्याने?”

त्यांचा आवाज चढला होता. मुख्याध्यापिका भित्र्या आहेत हे त्यांना ठाऊक होतं. इतक्या भित्र्या असतील असं वाटलं नव्हतं. पुस्तकं तर द्यायचीच, वर त्यावर पांघरूणही घालायचं!

कारकुनांनी घड्याळ पाहिलं. “तसं लिहा, माझं काही म्हणणं नाही. मग मी ती पोत्यात भरून नेतो. गाडी खालीच आहे. जीर्ण म्हणून काढलेल्यांशी खात्याचा संबंध नसतो, ती शाळेने आपल्या नियमाने काढायची. फक्त वाचनालयात नकोत, एवढंच आदेशात आहे.”

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला आणि पुसू लागल्या. काच स्वच्छच होती.

“आमचा नियम बाईंनीच केलाय,” त्या चष्म्याकडे बघत म्हणाल्या. “जीर्ण पुस्तकं शुक्रवारी शाळा सुटताना फाटकाजवळच्या खोक्यात ठेवायची. ज्याला हवं त्याने घरी न्यायचं. हो ना, बाई? आज शुक्रवारच आहे.”

डिंकबाईंची ट्यूब तेव्हा कुठे पेटली. कानांच्या पाळ्या गरम झाल्या. नियम स्वतःचा, आणि आठवण मात्र दुसऱ्याने करून द्यायची! आपण मनातल्या मनात या बाईला काय काय बोललो, ते आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी पेन टेकवलं. ‘जीर्ण’. खाली पुन्हा ‘जीर्ण’. तेवीस वेळा, प्रत्येक ओळीत पूर्ण शब्द.

कारकुनांनी वरचं पुस्तक उचलून उलटंसुलटं केलं. “ही तर नवी कोरी दिसतात.” मग ते उठले. “पलीकडच्या शाळेत जाऊन तासाभरात येतो. जीर्ण म्हणताय तर जीर्ण दिसू देत. मलाही वर उत्तर द्यावं लागतं.”

त्यांची पावलं जिन्यावरून उतरली. डिंकबाईंनी दोन नळांचं पुस्तक जवळ ओढलं. मुखपृष्ठ उघडलं. आतलं पहिलं पान कोरं होतं. त्यांनी ते चिमटीत धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. सव्वीस वर्षांत असं काही त्यांनी केलं नव्हतं. मग फाडलं. आवाज एवढासाच झाला, पण त्यांचे डोळे भरून आले.

मुख्याध्यापिकांनी खुर्ची ओढली. “अर्धी इकडे द्या. कोरंच पान ना फक्त?”

“कोरंच. अक्षराला हात नाही लावायचा.”

“हो हो. आणि पानं टाकू का?”

“टाकू नका!” बाई जवळजवळ ओरडल्याच. त्यांनी पेन्सिल काढली.

तासाभराने कारकून आले, फाटकी पुस्तकं चाळली आणि सही करून गेले. शाळा सुटली तेव्हा खोकं फाटकाजवळ होतं. दहा मिनिटांत ते रिकामं झालं.

सोमवारी मधल्या सुट्टीत प्रश्नपेटी पुस्तक छातीशी धरून हजर झाली.

“बाई, हे आता माझं आहे. घरी आईनेही वाचलं. पण बघा ना, पहिलं पान कोणीतरी फाडलंय. कोणी फाडलं असेल?”

“आहे एक बाई.”

“वेडी आहे का ती?”

“थोडीशी.”

डिंकबाईंनी खण उघडला. आत तेवीस पानं नीट रचून ठेवली होती. त्यांनी हवं ते शोधलं, कडेला डिंकाचं बारीक बोट फिरवलं आणि पान जागच्या जागी बसवलं. प्रश्नपेटी टाचा उंचावून पाहत होती. पान आता कोरं नव्हतं. पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी ती बोट ठेवून वाचू लागली.

“हे... पुस्तक... जीर्ण... नव्हतं. आदेशावरून... वाचनालयातून... काढलं.” खाली तारीख आणि दोन सह्या. “बाई, दुसरी मोठ्या मॅडमची ना?”

“हो.”

“हे कशाला लिहिलंय?”

“खरं कारण आहे ते. कुठेतरी असायला हवं ना. ओलं आहे अजून, मिटू नकोस.”

प्रश्नपेटी उघडं पुस्तक दोन्ही हातांवर धरून हळूहळू दाराकडे निघाली. दारात आणखी चौघं उभी होती, प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक.

“रांग लावा,” डिंकबाई म्हणाल्या.