उडी झेलणारी गादी

मित्रांनो, माझ्यावर कधी कोणी झोपले नाही. तरीही मी गादीच आहे आणि आता बरीच जुनी झाले आहे. माझे काम झोपवण्याचे नव्हते, झेलण्याचे होते. उंचावरून उड्या मारणारी मुले माझ्यावर उतरत. एका जुन्या गोदामात भरणाऱ्या व्यायामशाळेत मी सात वर्षे हे काम केले. त्या सात वर्षांत मी एकदाच चुकले. ती चूक माझी होती का, हे तुम्हीच ठरवा.

माझा जन्म ताडपत्री शिवणाऱ्या मावशींच्या कारखान्यात झाला. मालमोटारींवर टाकायच्या ताडपत्र्या शिवण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. एके दिवशी ताई त्यांच्याकडे आल्या. ताई पार्कुर शिकवत. पार्कुर म्हणजे वाटेत भिंत येवो, कठडा येवो की पायऱ्या, त्या ओलांडत न थांबता पुढे जायचे. त्यातच हवेत कोलांट्या घातल्या की त्याला फ्रीरनिंग म्हणतात. ताईंसोबत त्यांचे थोरले भाऊही आले होते. त्यांना सगळेच दादा म्हणत. व्यायामशाळेची खरेदी आणि जागेचा व्यवहार तेच पाहत.

दादांचे म्हणणे होते की पडायचेच आहे तर काहीही चालेल. ताईंना ते पटले नाही. वर चार बोटे कडक फोम हवा, म्हणजे पाय रुतून मुरगळणार नाही. खाली दोन वीत मऊ फोम हवा, म्हणजे धक्का जिरेल. फोमच्या प्रत्येक तुकड्यावर त्या टाच रोवून उभ्या राहिल्या. तीन तुकडे त्यांनी परत पाठवले. मी शिवून तयार झाल्यावर त्या थेट मावशींच्या कापायच्या टेबलावर चढल्या आणि तिथून माझ्यावर उडी मारली.

मावशी म्हणाल्या, “पोरी, टेबल मोडलं तर तुझ्या भावाला इथे ओणवा उभा करीन आणि त्याच्या पाठीवर कापड कापीन.”

सगळे हसले. दादाही हसले. मी तेव्हा नवी होते. हसणारा माणूस आपलाच असतो, असे मला वाटले.

व्यायामशाळेत माझे दिवस आनंदात गेले. रोज सकाळी मुले येण्याआधी ताई माझे चारही कोपरे आणि मधला भाग टाचेने दाबून पाहत. नव्या मुलांना पहिल्या दिवशी उडी मारू दिली जात नसे. त्या दिवशी फक्त बुटांचा वर्ग असे. बूट हातात घ्या, दुमडून बघा, तळवा पातळ आहे का, ओल्या फरशीवर घासला तर पकडतो का, असे सगळे त्या करून दाखवत. जाड, गुबगुबीत तळव्याचे बूट दारातूनच परत जात. जमीन कुठे आहे हे जो बूट पायाला कळू देत नाही तो काय कामाचा, असे त्या विचारत. हातमोज्यांचेही तेच. एक मुलगा गुडघ्यांना, कोपरांना, खांद्यांना गाद्या बांधून आला होता. उताणे पडल्यावर त्याला कासवासारखे उठताच येईना. दुसऱ्या दिवशी तो गुडघ्यांचे पट्टे तेवढे ठेवून बाकी सगळे घरी ठेवून आला.

अशातच टाचणी आली. अकरा वर्षांची, अंगाने काडी आणि डोके गोल, म्हणून मुलांनी तिचे नाव टाचणी ठेवले. तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करत. ताईंनी सांगितले तसे बूट मिळावेत म्हणून ते तीन संध्याकाळी दुकानोदुकानी बूट दुमडत फिरले. एका दुकानदाराने तर बूट मोडता की घेता, असे विचारून त्यांना बाहेर काढले. शेवटी निळे, पातळ तळव्याचे बूट मिळाले. ते लहान झाले की बाबा अगदी तसेच दुसरे शोधून आणत.

टाचणी खालच्या उड्या झटकन शिकली. पण उंच लाकडी खोक्यावर चढली की तिचे पाय तिथेच रुजत. महिनाभर ती चढली आणि महिनाभर शिडीने खाली आली. एके दिवशी ताई तिच्याजवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझ्यावर विश्वास नसला तरी चालेल. गादीवर ठेव. ती खोटं बोलत नाही.”

टाचणीने डोळे मिटले नाहीत. तिने उडी मारली आणि मी तिला झेलले. मित्रांनो, त्या दिवसाइतका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी दादांनी गावाच्या नव्या भागात दुसरी व्यायामशाळा काढायचे ठरवले. समोर काच, आत दिवे, भिंतींना रंग, सगळे झगमगीत. उद्घाटनाला पालक येणार, फोटो निघणार. ताई तेव्हा मोठ्या मुलांना घेऊन स्पर्धेसाठी आठवडाभर परगावी गेल्या होत्या. एका दुपारी दादा दोन कामगारांना घेऊन आले. एकाने माझी शिवण सुरीने उसवली. दुसऱ्याने माझ्या पोटातला फोम बाहेर ओढला. मग त्यांनी दोन पोती आणून माझ्यात रिकामी केली. त्यांत खोक्यांच्या पॅकिंगमधले फोमचे तुकडे, थर्माकोल आणि जुन्या खुर्च्यांचा चुरा होता.

एक कामगार घुटमळला. हे मुलांच्या उड्यांना पुरेल का, असे त्याने विचारले.

दादा म्हणाले, “वरून काय कळतंय? मुलं हलकी असतात.”

त्यांनी मला पुन्हा शिवले, तेही एकेरी दोऱ्याने. वरून पुसून चकचकीत केले. मी पूर्वीसारखीच दिसत होते. आतून मात्र मी कोणीतरी दुसरीच झाले होते.

तरी मला फारशी भीती वाटली नाही. ताई येतील, टाच रोवतील आणि त्यांना कळेल, याची मला खात्री होती. ताई आल्या. त्या प्रवासाने थकल्या होत्या. त्या माझ्या दिशेने येऊ लागल्या तेवढ्यात दादा म्हणाले की मी सगळे तपासले आहे, तू आधी नव्या जागेचे बघ. ताई थांबल्या. सख्ख्या भावाच्या शब्दावर शंका कोण घेईल? दुसऱ्या दिवशीही त्यांनी मला तपासले नाही आणि तिसऱ्या दिवशीही नाही. दादांनी माझे पोट नेले याचे मला दुःख झाले. पण ताई मला न दाबता पुढे गेल्या, ते अधिक लागले.

तोवर मुलांच्या खालच्या उड्या मी कशाबशा झेलल्या होत्या. चौथ्या दिवशी टाचणी उंच खोक्यावर चढली. आता तिला तिथे अजिबात भीती वाटत नसे. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, इतकी ती माझ्याविषयी निश्चिंत होती. ती अगदी बरोबर उतरली, दोन्ही पाय जुळवून, गुडघे वाकवून. मी तिला धरायचा प्रयत्न केला, पण धरायला माझ्यात काही नव्हतेच. चुरा दोन्ही बाजूंना सरकला आणि तिचा पाय थेट फरशीवर आपटला. हाड मोडल्याचा आवाज सर्वांत आधी मी ऐकला.

तिचे बाबा कामाच्या कपड्यांतच धावत आले. दादांनी टाचणीचे बूट उचलून त्यांना दाखवले. टाचेकडे झिजलेत बघा, घसरली पोरगी, असे ते म्हणाले. टाचणी रडत नव्हती. ती ताईंकडे बघून म्हणाली, “ताई, मी घसरले नाही. गादी लागलीच नाही मला. खाली जमीन होती.”

ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा भावाकडे. मग त्या म्हणाल्या, “पडताना घाबरलं की असं वाटतं, बाळा.”

टाचणीला उचलून नेताना तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी तिला दगा दिला असेच तिला वाटत असणार. मित्रांनो, तोंड असते तर मी ओरडले असते. दुसऱ्या दिवशी मला कोपऱ्यात उभे करण्यात आले आणि दारावर पाटी लागली: ‘झिजलेले बूट घालून येऊ नये’.

सहा आठवडे गेले. मग एके सकाळी टाचणीचे बाबा आले. त्यांच्या हातातल्या पिशवीत ते निळे बूट होते. ते चढ्या आवाजात बोलले नाहीत. त्यांनी बूट दुमडून दाखवले, फरशी ओली करून त्यावर घासून दाखवले. बूट अजूनही पकडत होते. मग ते म्हणाले, “ताई, लिफ्ट घसरली तर आम्ही आतल्या माणसाचे बूट बघत नाही. आधी यंत्र उघडतो. पोरगी म्हणते खाली जमीन होती. गादी उघडा.”

दादा हसले. भल्या माणसा, गादीला काय होणार, असे म्हणाले. पण ताईंनी मला आडवी केली आणि कितीतरी दिवसांनी माझ्यावर टाच रोवली. टाच सरळ फरशीला लागली. त्यांनी तिथूनच मावशींना फोन केला.

मावशी कात्री घेऊन आल्या. त्यांनी माझ्या कडेवरून बोट फिरवले. “हा टाका माझा नाही,” त्या म्हणाल्या आणि दोरा कापला. चुरा भळाभळा फरशीवर सांडला. थर्माकोलचे पांढरे मणी घरंगळत दादांच्या पायापाशी गेले.

दादा म्हणाले, “मी काय स्वतःसाठी केलं? आपल्या दोघांसाठीच केलं ना?”

ताई म्हणाल्या, “माझ्यासाठी केलं असतंस तर मला सांगून केलं असतंस.”

त्या दिवसापासून दादा आमच्या गोदामात आले नाहीत. ताईंनी नव्या जागेत जाऊन माझा फोम शोधला. तो कापून, पातळ करून सहा चकचकीत गाद्यांमध्ये भरला होता. मला परत जोडण्यासारखे त्यात काही उरले नाही, असे त्यांनी मावशींना सांगितले. त्या सहाही गाद्या त्यांनी वापरातून काढायला लावल्या.

पुढे एकदा टाचणी आली, कुबडी टेकत. ताईंनी तिची माफी मागितली. दादाने आपल्याला फसवले, असे त्या सांगू लागल्या. टाचणीने सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाली, “दादांनी तुम्हाला फसवलं. पण मला खोटं तुम्ही ठरवलंत.”

ताई उठल्या आणि दारावरची पाटी काढून तिचे दोन तुकडे केले. टाचणीने ते पाहिले, पण ती थांबली नाही. ती पुन्हा इथे शिकायला आली नाही. आता ती बागेतल्या बुटक्या कठड्यांवर, हिरवळीवर उड्या मारते आणि बाबा बाजूला उभे असतात, असे मुलांच्या बोलण्यातून मला कळले. पाय बरा झाला, एवढे ऐकून मला बरे वाटले.

मित्रांनो, आता माझी जागा भिंतीशी आहे. माझी एक कड ताईंनी मुद्दाम उघडी ठेवली आहे. नवे मूल आले की बुटांच्या वर्गाआधी त्याला माझ्यात हात घालायला सांगतात. थर्माकोलचे मणी बोटांना चिकटतात आणि मुले हात झटकतात. मला ते लागते, पण मी सोसते. तुम्हीही ज्याच्यावर उडी मारणार असाल ते रोज दाबून पाहा, मग ते कोणीही दिलेले असो. आणि कोणी पडले तर त्याचे बूट उचलण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि ते काय सांगते आहे ते नीट ऐका.