पाच रिकाम्या घरांची परतफेड

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही बसला नसता, पण तो मुळा मी माझ्या या हातांत धरलाय.

किनुएच्या केशकर्तनालयात मी ही हकिगत सांगायला घेतली, तेव्हा खुर्चीत बसचालक नागासे गालभर फेस लावून बसला होता. म्हणजे त्याला पळता येत नव्हतं.

"वरच्या वाडीत तो पोर्तुगालचा बेकरीवाला आलाय ना, दुआर्ते," मी म्हणालो. "जुन्या मोपेडच्या किमतीत आख्खं घर घेतलं त्यानं. छपरातून चांदणं दिसतं, ते वर फुकट."

"तो आला म्हणूनच बस वर नेतो मी," नागासे फेसातून बोलला. "तो गेला की फेरी बंद."

तेच तर. फेरी बंद झाली की मला शहरात मुलाकडे जावं लागणार, आठव्या मजल्यावर, आणि सून मला चालण्याच्या यंत्रावर चढवणार. पण ते दोघांनाही पाठ होतं, म्हणून मी पुढे सरकलो.

"नव्या घरी आलं की समोरची तीन आणि बाजूची दोन घरं, एवढ्यांना भेट द्यायची, हे त्यानं जपानी रिवाजांच्या पुस्तकात वाचलेलं. पाच निळे टॉवेल आणले, स्वतःचं नाव छापून. पाचही दारांपुढे कमरेत वाकला, टॉवेल ठेवून आला. पाचही घरं ओस आहेत, हे काही पुस्तकात नव्हतं."

"आणि तुम्हाला काय दिलं?" किनुएनं विचारलं.

"मी राहतो वाडीतच, पण उताराखाली. सहाव्या घराला पुस्तकात जागा नाही." मी मान पुसली. "दोन दिवस पायरीवर वाट बघत बसला बिचारा. तिसऱ्या दिवशी म्हणाला, आजोबा, इथे शेजारीच नाहीत, घर विकतो. आणि चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर टॉवेल गायब, अन् पायरीवर पाच वस्तू. घेतलेल्याची परतफेड केल्याशिवाय आपला माणूस राहतो का? मेला म्हणून काय झालं?"

"काय काय होतं?"

"इसोबे गुरुजींकडून खारवलेल्या प्लमची बरणी. सुतारांच्या घरून धार लावलेला विळा. कोपऱ्यावरच्या जुळ्या बहिणींकडून वाळवलेल्या पर्सिमॉन फळांची माळ. ओकित्सु वहिनींकडून अर्धा मुळा."

"अर्धाच?"

"परतफेड निम्म्या किमतीची, असा रिवाज. बाईला जाऊन अकरा वर्षं झाली, चिकटपणा जागचा हलला नाही."

नागासे हसला आणि फेस नाकात गेला. "आणि ते छप्पर कोसळलेलं घर?"

"त्यानं कौलं दिली. दुसरं होतं काय त्याच्याकडे? दुआर्तेच्या छपरात चपखल बसली. आता तो घर विकायचं नाव काढत नाही. दर शनिवारी पाच दारांत पाच पाव ठेवतो, रविवारी एकही उरत नाही. मेलेली माणसं पाव खातात आणि वर लोणी मागत नाहीत, असे शेजारी कुणाला मिळतात?"

किनुएनं वस्तरा पुसला.

"तोकुजी आजोबा, महिन्याभरात तुमचं पोट किती सुटलंय, ते राहू दे. पण गळ्यातला तो निळा टॉवेल आधी खिशात कोंबा. त्यावर नाव आहे, आणि दुआर्ते साडेतीनच्याच बसनं वर जातो."