दोन शंकूंमधलं अंतर

दवाखान्याच्या लांबलचक पॅसेजमध्ये दोन केशरी शंकू ठेवतात. सहा मिनिटांत माझी लेक त्यांच्यामध्ये ये-जा करत किती चालते, ते मोजतात. सात वर्षांच्या तिच्या पायांतले स्नायू झिजत चाललेत. नवं औषध ती झीज थांबवतं का, हे या चालण्यावरून कळणार. अडीचशे मीटरच्या खाली गेली की औषध बंद. गेल्या वेळी दोनशे अठ्ठावन्न होते.

चाचणी चालू असताना मला बोलायची बंदी. मोजणाऱ्या बाईंना लेक घड्याळमावशी म्हणते. त्यांनाही दर मिनिटाला एकच ठरलेलं वाक्य बोलता येतं.

"छान चालते आहेस."

"मावशी, तुम्हाला एवढंच येतं का हो?"

मावशींनी हसू दाबलं. "छान चालते आहेस."

चौथ्या मिनिटाला लेकीनं भिंत धरली. मी पदर तोंडात कोंबला.

दोनशे एकतीस.

"काल काही दगदग झाली का?" मावशींनी विचारलं.

"छे, काही नाही."

"आई, खोटं!" बाकावरून लेक ओरडली. "काल आम्ही दिवसभर परीक्षा-परीक्षा खेळलो. आईनं घरी चालायला जमिनीवर पट्टीपण चिकटवलीय!"

मावशींनी पेन खाली ठेवलं. "अहो ताई, आदल्या दिवशी दमवायचं नाही, हे पहिल्याच कागदावर आहे. पाढे आहेत का हे, घोकून घ्यायला?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आजचं धरत नाही. पुढच्या गुरुवारी आणा. तोवर नुसतं खेळू द्या तिला."

जिवात जीव यायला हवा होता. पण पर्समध्ये माझी चिठ्ठी होती. दर रविवारी सकाळी, लेक झोपून ताजी उठल्यावर, मी घरी मोजायचे. दोनशे साठ. दोनशे पंचावन्न. गेल्या रविवारी दोनशे सत्तेचाळीस. ती चिठ्ठी मी बाहेर काढली नाही.

घरी आल्या आल्या जमिनीवरची पट्टी नखांनी उपटायला बसले.

"राहू दे ना गं," लेक म्हणाली. "मला आता जमतं."

"काय जमतं, बाळा?"

"न पडता वळायला."

मी तिला उचलून कडेवर घेतलं. तिचे पाय माझ्या गुडघ्यांपर्यंत लोंबतात आता. गुरुवारपर्यंत जमिनीला पाय लावूच द्यायचा नाही, जेवढं बळ आहे तेवढं साठवायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

"आई, खाली सोड. मावशी म्हणाल्यात ना, खेळू द्या!"

मी सोडलं नाही.