चढताना एकदा, उतरल्यावर एकदा

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. तेलाच्या डब्याचा. सध्या हिरकणीवाडीत जानकीबाईंच्या खुराड्यावर पडून आहे आणि कोंबड्या माझी काय शोभा करतात, ते सांगत नाही. पण एके काळी रायगड बघायला आलेली माणसं मला थांबून वाचायची, बरं का!

महाडहून येणाऱ्या गाडीत कंडक्टर जाऊन कार्डाचं यंत्र आलं. चढताना गाडीत कार्ड टेकवायचं आणि उतरल्यावर अर्ध्या तासात थांब्यावरच्या खांबाला पुन्हा टेकवायचं. विसरलात, की कार्ड बंद! ते सुरू करायचं महाडच्या कचेरीत, आणि बंद कार्डावर महाडच्या गाडीत घेत नाहीत. आहे की नाही शहाणपण? रोप-वे दिसला, की पाहुणे पळत सुटायचे. खांबावर फलक होता, पण त्यात बारीक अक्षरांत अठरा नियम. ‘प्रवाससमाप्तीनंतर कार्ड प्रमाणित करणे अनिवार्य.’ कोण वाचणार?

जानकीबाई थांब्यावर ताक विकायच्या. "ओ ताई, खांबाला कार्ड लावा गो! नायतर सांजच्याला हितंच ऱ्हाल!" ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला. शेवटी त्यांनी डबा कापला, मला ठोकून सपाट केलं आणि महाडच्या बुद्धरत्न पेंटरकडे नेलं.

बुद्धरत्नने आधी माझ्यावर गाडीतून उतरणारी दोन पावलं काढली आणि मला खांबावर टांगलं. झालं! गडावर आलेली माणसं ती. पवित्र जागा समजून चपला काढून मला नमस्कार करू लागली. एका काकूंनी फूलही वाहिलं. कार्ड कुणीच टेकवलं नाही.

बुद्धरत्न हसला आणि त्याने पावलं पुसली. खांब रंगवला, कार्ड धरलेला हात रंगवला आणि खाली लिहिलं, ‘चढताना एकदा. उतरल्यावर या खांबाला एकदा. विसरलात तर परतीची गाडी नाही.’ मग दिवसभर थांब्यावर बसून तो एकेकाला विचारत राहिला, "काय समजलं, सांगा?" सगळे बरोबर सांगू लागले, तेव्हाच तो उठला. त्यानंतर महिनोन् महिने कुणी अडकलं नाही. मला केवढा अभिमान वाटायचा!

मग महाडच्या कचेरीतून एक साहेब आले. "हा डबा कुणी टांगला?"

"साहेब, लोकांना कळतंय हो त्यानं," जानकीबाई म्हणाल्या.

"नियमात बसत नाही."

मी खाली आलो. जानकीबाईंची टोपलीही थांब्यापासून हलवली. खांबावर चकचकीत फलक लागला. त्यात बावीस नियम आणि नियमांपेक्षा मोठे फोटो.

गेल्या महिन्यात वैशालीताई नावाच्या नागपूरच्या बाई आल्या. गडावर असतानाच फोन आला, भाऊ अत्यवस्थ आहे. धावत खाली आल्या, तर कार्ड बंद. सकाळी उतरल्यावर खांबाला टेकवायचं राहूनच गेलं होतं.

"यंत्र लाल दाखवतंय, मी काय करू?" ड्रायव्हर म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. रिक्षा शोधेपर्यंत वीर स्टेशनवरची रेल्वे निघून गेली. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. भाऊ गेला होता.

जानकीबाईंनी त्यांना हात धरून अंगणात आणून बसवलं. पाणी पिता पिता त्यांची नजर खुराड्यावर गेली. त्यांनी मला वाचलं, पुन्हा एकदा वाचलं.

"किती सोपं लिहिलंय हो," त्या म्हणाल्या. "हे तिथं का नाही लावलं?"

जानकीबाईंनी त्यांचा पेला पुन्हा पाण्यानं भरला.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. मी पत्रा आहे, गंजेन. पण उद्या तुम्ही मोठे साहेब व्हाल, कुठं तरी फलक लावाल. तेव्हा त्याच्यापुढं दिवसभर बसा आणि येणाऱ्याला विचारा, "काय समजलं, सांगा?"