जास्तीचा काना

विद्यापीठ बदलायचं तर दुसऱ्या वर्षानंतरच, आणि तेही एकदाच, असा नियम होता. या खेपेला जमलं नाही तर याच घरातून, याच बसने, वर्गातल्या याच मागच्या बाकावरून पदवी पदरात पाडून घ्यावी लागणार, हे ताई मनोमन ओळखून होती. अर्जासोबत तीन निबंध मागितले होते: तुम्ही कोण आहात, तुम्हाला बदलून टाकणारा एक प्रसंग, आणि आहात तिथून का जायचं आहे. पहिल्यावरच आठ दिवस गेले. वीस वर्षं स्वतःसोबत काढूनही स्वतःविषयी चारशे शब्द जुळेनात, याचा तिला आधी राग आला आणि मग नुसताच थकवा. तिच्या पाठचं कुणी नव्हतं, तरी घरात तिला ताईच म्हणत.

घरात म्हणजे आई. आई छापखान्यात मुद्रितं तपासायची, आणि सव्वीस वर्षांत तिची नजर अशी काही तयार झाली होती की औषधाच्या खोक्यावरचा मजकूरसुद्धा तांबडं पेन हातात घेतल्याशिवाय तिला वाचवत नसे. लहानपणी ताईने रुसून लिहिलेली 'मी घर सोडून जात आहे' ही चिठ्ठी तिने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत केली होती. तेव्हा ताईचा रुसवा तिथेच संपला होता.

पहिल्या निबंधाची प्रिंट वाचताना ताई एका वाक्याशी अडखळली. 'मी जिन्यात बसून राहिलो.' 'राहिले'ला एक काना जास्त पडला होता. बोट चुकलं असेल, दुसरं काय. तिने तो काढला. दुसऱ्या निबंधात मात्र असे काने तीन ठिकाणी निघाले, ते काढले तर पुढच्या प्रिंटमध्ये सात, आणि 'एकटी'चं 'एकटा' झालेलं. नऊ वर्षांची असताना बसस्थानकावर आईचा हात सुटला आणि आई शोधत येईपर्यंत ती तिकीटखिडकीखाली रडत बसली, एवढाच तो प्रसंग. कागदावर मात्र कुणी रडत नव्हतं. 'समोर आली त्या बसमध्ये मी चढलो, शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो, आणि त्याच बसने परत आलो.'

हे तिने लिहिलेलं नव्हतं, आणि केलेलं तर नव्हतंच. तेवढी हिंमत तिच्यात कधी नव्हती. पण वाचताना तिला कबूल करावं लागलं की या मुलाला कोणीही प्रवेश देईल. तिला त्याचा हेवा वाटला. सगळं पुसून पुन्हा लिहायचं म्हटलं तरी अंगात त्राण नव्हतं, म्हणून निदान शेवटचं 'परत आलो' तेवढं 'परत आले' करून तिने कागद आईपुढे ठेवला. आईच्या नजरेतून हे सुटणार नाही, ती विचारेल, आणि मग आपण सगळं सांगून टाकू, असं तिला वाटत होतं.

आईने दोन स्वल्पविराम घातले, एक 'कि' दीर्घ केला, आणि शेवटच्या ओळीत 'आले'पुढे तांबडा काना ओढला.

"आई, हे काय केलंस?"

"चुकलं होतं तिथे."

"अगं, मी 'आले' असंच म्हणते ना?"

आईने कागद लांब धरून पाहिला. "वर सगळीकडे 'लो' आहे. शेवटी एकच 'ले' कसं चालेल? एकसारखं हवं." मग टोपण लावता लावता ती सहज म्हणाली, "शेवटच्या थांब्यापर्यंत गेला होतास, ते मी कुणाला बोलले नव्हते हं."

ताईला भीती वाटली, पण तिने कागद उचलून घेतला. मुदत तीन दिवसांवर आली होती. आधी इथून सुटू, मग काय ते निस्तरू, असं तिने ठरवलं. तिसरा निबंध एका बैठकीत झाला. 'मी इथे फार थकलो आहे' हे त्यातलं पहिलं वाक्य तिला अक्षरशः खरं वाटलं आणि तिने निबंध न तपासता पाठवून दिला.

पाच आठवड्यांनी होकार आला. बसचा प्रसंग समितीला विशेष आवडल्याचं त्यात लिहिलं होतं. वरचं नाव बरोबर होतं; निदान ताईला तरी ते बरोबर वाटलं. तिचा जीव भांड्यात पडला, आणि कित्येक महिन्यांनी ती दुपारभर गाढ झोपली.

निघायच्या दिवशी सकाळी बॅग दाराशी ठेवून, बुटांचे बंद बांधून, पाच मिनिटं दम खावा म्हणून ती टेबलाशी खुर्चीत टेकली. बाहेर गाडी आली. फाटक वाजलं.

"पोचलास की फोन कर," आई सांगत होती. "आणि जेवणाची हयगय करू नकोस."

कुणीतरी हसून बरं म्हटलं. गाडीचं दार लागलं. 'थांबा, मी अजून निघा...' एवढं ताईच्या ओठांवर आलं. पण पुढचं अक्षर कोणतं, ते तिला काही केल्या आठवेना.

गाडीचा आवाज लांब गेल्यावर आई डोळे पुसत खोलीत आली. तिने खिडकी लावली, उशीचा अभ्रा काढला, धूळ बसू नये म्हणून टेबलावर जुनी चादर पसरली. चादर मोठी होती. उरलेली तिने खुर्चीवर ओढली आणि हाताने, हलकेच, डोक्यापासून खालपर्यंत सारखी केली.